सागरी भोवरे, प्रवाह आणि प्राणिप्लवक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातल्या प्लवकांबद्दल विद्यार्थी विचारतात, मासेमारीशी संबंध असलेले लोक विचारतात, उपग्रहाचे नकाशे हौसेनं पाहणारेही विचारतात. त्यांतले सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे, पुढचे अडचणीचे. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्राणिप्लवक म्हणजे नेमके कोण? ते सगळे सूक्ष्मच असतात का?

नाही. पाण्यात तरंगत राहणारे आणि प्रवाहाला तोंड देऊन हव्या त्या दिशेला जाऊ न शकणारे सगळे प्राणी यात येतात. इथे आकार बघत नाहीत, पोहण्याची ताकद बघतात. म्हणून डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीवही प्राणिप्लवक आणि मीटरभर रुंदीचा जेलीफिशही प्राणिप्लवकच. जाळीत सापडणाऱ्या नमुन्यात बहुतेक वेळा सर्वांत जास्त भरतात ते कोपेपॉड, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान कवचधारी प्राणी. त्यांच्याशिवाय क्रिल (कोळंबीसारखे दिसणारे), बाणकृमी, साल्प (पारदर्शक, जेलीसारखे), पंखपाद गोगलगायी असा मोठा परिवार आहे. खेकडे, शेवंडी, शिंपले आणि बहुतेक मासे फक्त बालपणी प्लवक असतात. पुढे ते तळाशी बसतात किंवा पोहायला लागतात.

२. समुद्रातला भोवरा नदीतल्या भोवऱ्यासारखा खाली खेचतो का?

खेचत नाही. इथे ज्या भोवऱ्यांबद्दल बोलतो आहोत ते साधारण ५० ते २०० किलोमीटर रुंद असतात आणि आठवडे, महिने, कधी वर्षाहूनही जास्त टिकतात. जहाज त्यातून गेलं तरी कोणाला कळत नाही. कडेजवळ पाणी सेकंदाला २०-५० सेंटीमीटर वेगानं फिरतं, जोरदार प्रवाहांच्या शेजारी मीटरभर वेगानंही. मधल्या भागातली पाण्याची पातळी आजूबाजूपेक्षा साधारण ५ ते २५ सेंटीमीटर वर किंवा खाली असते. एवढासा फरक उपग्रहावरच्या रडारनं मोजता येतो, आणि १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रह सुटल्यानंतरच जगभरचे भोवरे सलग दिसायला लागले. त्याआधी भोवरा सापडणं हा बराचसा नशिबाचा भाग होता. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह याहून लहान भोवरेही दाखवतो.

आकार अक्षांशावर अवलंबून असतो. विषुववृत्ताकडे भोवरे मोठे, ध्रुवाकडे लहान.

३. थंड गाभ्याचा आणि उष्ण गाभ्याचा भोवरा यांत फरक काय?

उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेनं फिरणाऱ्या भोवऱ्यात मधली पातळी खोलगट होते आणि खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी घुमटासारखं वर उचललं जातं. हा थंड गाभ्याचा. घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्यात मधे उंचवटा होतो आणि वरचं कोमट पाणी खोलवर दाबलं जातं. हा उष्ण गाभ्याचा. दक्षिण गोलार्धात फिरण्याच्या दिशा उलट होतात, बाकी सगळं तेच.

४. प्राणिप्लवक पोहू शकतात, मग ते वाहून का जातात?

पाणी आडवं किती वेगानं जातं आणि उभं किती, याचा हिशेब केला की याचं उत्तर मिळतं. दोन-तीन मिलिमीटरचा कोपेपॉड तीन तासांत २०० मीटर वर येतो असं धरा. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला साधारण २ सेंटीमीटर. भोवऱ्यातलं पाणी आडवं वाहतं त्याच्या दहा-वीस पट वेगानं. तिथे कोपेपॉडचं काही चालत नाही. उभ्या दिशेला मात्र गणित पूर्ण उलटतं. भोवऱ्यात पाणी वर चढतं ते दिवसाला काही मीटर. दिवसाला १० मीटर म्हणजे सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. दोन पाण्यांमधल्या अरुंद, जोरदार सीमारेषांवर (प्रश्न १०) हा वेग दिवसाला १०० मीटरपर्यंत जातो, तरीही तो सेकंदाला सव्वा मिलिमीटरच्या आत राहतो. कोपेपॉड त्यावर सहज मात करतो.

वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी वेगवेगळ्या दिशेला आणि वेगवेगळ्या वेगानं जात असतं. म्हणून गाडी चालवणं या प्राण्याच्या हातात नसलं, तरी कोणत्या गाडीत बसायचं हे तोच ठरवतो. प्राणिप्लवकांच्या वितरणातली बहुतेक कोडी इथूनच सुटतात. ‘ते प्रवाहाबरोबर वाहतात’ एवढंच सांगून थांबणाऱ्या माहितीवर माझा आक्षेप आहे तो याचसाठी.

क्रिल हा सीमेवरचा प्राणी. पाच-सहा सेंटीमीटरचा प्रौढ अंटार्क्टिक क्रिल सेकंदाला १०-२० सेंटीमीटर वेगानं पोहू शकतो, म्हणजे मंद प्रवाहात तो आडवाही मार्ग काढू शकतो. त्याच्या अंड्यांना आणि पिल्लांना ते जमत नाही.

५. रोज रात्री वर आणि दिवसा खाली जाण्याचा प्रवाहाशी काय संबंध?

दिवसा अंधाऱ्या खोलीत राहायचं, म्हणजे नजरेनं शिकार करणारे मासे टळतात. रात्री वर येऊन खायचं. वजनाचा विचार केला तर ही पृथ्वीवरची सर्वांत मोठी रोजची ये-जा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोनारवर ‘खोटा तळ’ दिसायचा, तो संध्याकाळी वर सरकायचा. तो थर प्राण्यांचा होता हे नंतर उलगडलं.

आता यात प्रवाह घाला. किनाऱ्यालगत जिथे वाऱ्यामुळे खालचं पाणी वर येतं, तिथे वरचा पातळ थर समुद्राकडे जातो आणि त्याखालचं पाणी किनाऱ्याकडे येतं. सतत वर राहणारा प्राणी काही दिवसांत खोल समुद्रात फेकला जाईल. रात्री वर आणि दिवसा खाली राहणारा प्राणी रात्रीत बाहेर जातो, दिवसात परत येतो आणि सुपीक पट्ट्यात टिकून राहतो. काही कोपेपॉड हेच ऋतूंच्या मोजपट्टीवर करतात. अन्नाचा हंगाम संपला की चरबी साठवून शेकडो मीटर खाली सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या हंगामात वर येणाऱ्या पाण्यासोबत परततात.

६. थंड गाभ्याच्या भोवऱ्यात प्राणिप्लवक जास्त असतात, हे खरं ना?

पुष्कळदा खरं, पण नियम म्हणून नाही. पोषक क्षार उजेडाच्या थरात आले की वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे, सूर्यप्रकाशावर वाढणारे सूक्ष्म जीव, वाढतात आणि त्यांच्यामागून त्यांना खाणारे. मात्र क्षार वर येतात ते मुख्यतः भोवरा तयार होताना आणि जोर धरताना. पूर्ण वाढलेल्या किंवा विरत चाललेल्या भोवऱ्यात तो घुमट पुन्हा खाली बसायला लागतो. म्हणून कुठल्याही मोजमापासोबत भोवऱ्याचं वय कळलंच पाहिजे. वय न सांगता ‘थंड भोवऱ्यात जास्त सापडले’ किंवा ‘सापडले नाहीत’ असं लिहिलेला अहवाल माझ्या मते अर्धाच असतो.

दुसरी गोष्ट, भोवरा कुठल्या पाण्यापासून तयार झाला हेही बघावं लागतं. सुपीक किनारी पाणी पोटात घेऊन निघालेला भोवरा सुरुवातीपासूनच समृद्ध असतो, त्याचा गाभा थंड असो वा उष्ण.

७. मग उष्ण गाभ्याचे भोवरे ओसाड असतात का?

असं सरसकट म्हणता येत नाही, आणि अपवाद इतके आहेत की ते नीट समजून घेतलेले बरे.

पहिला अपवाद उगमाचा. कॅनडाच्या पश्चिमेला हैदा ग्वाई बेटांजवळ हिवाळ्यात तयार होणारे भोवरे उष्ण गाभ्याचे असतात, पण ते किनाऱ्यावरचं पाणी आणि किनारी प्राणिप्लवक अलास्काच्या आखातात शेकडो किलोमीटर आत नेतात. तिथल्या खुल्या समुद्रात किनारी जाती सापडतात त्या यामुळे.

दुसरा अपवाद रचनेचा. काही भोवरे उष्ण भोवऱ्यासारखे फिरतात, पण त्यांच्या पोटात सारख्या तापमानाच्या पाण्याचं भिंग असतं. त्या भिंगाच्या वरचा थर उचललेला असतो आणि खालचा दाबलेला. वरून वारा वाहत असेल तर त्यांच्या गाभ्यात क्षार हळूहळू वर येत राहतात. बर्म्युडाजवळ अशा एका भोवऱ्यात डायटम या वनस्पतिप्लवकांची दाट वाढ नोंदली गेली आहे.

तिसरा अपवाद हिवाळ्याचा. उष्ण भोवऱ्यात वरचा थर जाड असतो, त्यामुळे हिवाळ्यातलं घुसळणं खोलवर पोहोचतं आणि तिथले क्षार वर आणतं. दक्षिण हिंदी महासागराच्या उपोष्ण भागात उपग्रहाच्या नोंदींमध्ये उष्ण भोवऱ्यांतच क्लोरोफिल, म्हणजे वनस्पतिप्लवकांतलं हिरवं रंगद्रव्य, जास्त दिसतं.

आणि कडांचा मुद्दा वेगळाच आहे, तो प्रश्न १० मध्ये.

८. उपग्रहाच्या नकाशावर क्लोरोफिल जास्त दिसतं, तिथेच प्राणिप्लवक असतात का?

त्याच दिवशी त्याच जागी असतीलच असं नाही. अनुकूल परिस्थितीत वनस्पतिप्लवक दिवसभरात दुप्पट होतात. कोपेपॉडला अंड्यापासून प्रौढ व्हायला आठवडे लागतात, थंड पाण्यात महिने. तेवढ्या वेळात पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं आणि हिरवळ खाऊन संपलेलीही असते. दाट प्राणिप्लवकांच्या जागी क्लोरोफिल कमी दिसणं म्हणूनच शक्य आहे. साल्प याला अपवाद. ते साखळीनं कळ्या फोडून फार झपाट्यानं वाढतात आणि हिरवळीला जवळजवळ लगेच गाठतात.

याशिवाय उपग्रहाला वरचे काही मीटरच दिसतात. मोकळ्या समुद्रात क्लोरोफिलचा सर्वांत दाट थर बरेचदा ५० ते १०० मीटर खाली असतो.

९. भोवऱ्यात अडकलेल्या प्राण्यांचं पुढे काय होतं?

भोवरा ज्या वेगानं पुढे सरकतो त्यापेक्षा त्याच्या आतलं पाणी जास्त वेगानं फिरत असेल, तर गाभ्यातलं पाणी अडकून राहतं. समुद्रातले बहुसंख्य मोठे भोवरे असेच आहेत आणि ते साधारण पश्चिमेकडे दिवसाला काही किलोमीटर सरकतात. आत सापडलेली वस्ती त्यांच्याबरोबर निघते.

याचं सर्वांत नीट अभ्यासलेलं उदाहरण गल्फ स्ट्रीमचं, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून वाहणाऱ्या उष्ण प्रवाहाचं. या प्रवाहाची वळणं तुटून त्याच्या दक्षिणेला थंड गाभ्याची वर्तुळं, म्हणजे एक प्रकारचे भोवरेच, सुटतात. त्यांत उत्तरेकडचं थंड पाणी असतं आणि भोवती सरगॅसो समुद्राचं कोमट, विरळ अन्नाचं पाणी. १९७० च्या दशकात पीटर वीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वर्तुळांमधल्या निमॅटोसेलिस मेगॅलॉप्स या क्रिलच्या नातलगावर लक्ष ठेवलं. हा दोन-अडीच सेंटीमीटरचा प्राणी मूळचा थंड पाण्याचा. वर्तुळ जुनं होतं तसं वरचं पाणी तापतं. प्राणी आपल्याला सोसणाऱ्या तापमानामागे खाली खाली सरकत गेला. खाली अन्न कमी. जुन्या वर्तुळांतल्या प्राण्यांच्या अंगातली चरबी घटलेली होती, पाण्याचं प्रमाण वाढलेलं होतं, श्वसन मंदावलेलं होतं. तोवर वरच्या थरात सरगॅसोच्या जाती शिरलेल्या होत्या. शेवटी ही थंड पाण्याची वस्ती त्या वर्तुळातून नाहीशी होते.

हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. या प्राण्यानं खोली बदलून तापमानाचा प्रश्न सोडवला, पण अन्नाचा प्रश्न त्याच हालचालीनं ओढवला. प्रश्न ४ मध्ये खोली निवडण्याच्या ताकदीबद्दल लिहिलं आहे, तिची मर्यादा इथे दिसते.

सगळ्यांचा शेवट असा होत नाही. भोवरा पुन्हा मूळ प्रवाहात मिसळला तर आतले प्राणी परत आपल्या पाण्यात पोहोचतात.

१०. दोन पाण्यांच्या सीमेवर एवढी गर्दी का होते? तिथे अन्न जास्त असतं म्हणून?

अन्न हे एक कारण, पण ते नसतानाही गर्दी होऊ शकते. सीमेवर दोन्ही बाजूंचं पाणी एकत्र येतं आणि खाली बुडतं. त्याबरोबर निष्क्रिय कण बुडून जातील. ठरावीक खोली न सोडणारा प्राणी मात्र बुडत्या पाण्याविरुद्ध वर पोहत राहतो. पाणी खाली जातं, प्राणी वर उरतो आणि बाजूनं नवे येत राहतात. काही तासांत तिथली घनता आसपासच्या कित्येक पट होते. पोर्तुगीज मॅन ऑफ वॉरसारखे पृष्ठभागावर तरंगणारे प्राणी तर पोहण्याचे कष्ट न घेताही साचतात.

लहान प्रमाणावर हीच गोष्ट वाऱ्याच्या दिशेनं समुद्रावर दिसणाऱ्या समांतर फेसाळ रेषांमध्ये घडते. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी त्यांचा खुलासा १९३८ मध्ये केला.

११. एखाद्या ठिकाणची प्राणिप्लवकांची वस्ती पूर्णपणे प्रवाहावर जगू शकते का?

हो. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती पेंग्विन, सील आणि देवमासे क्रिलवर पोसले जातात, पण तिथे क्रिलची पुढची पिढी फारशी तयार होत नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बाजूनं प्रवाहाबरोबर येणाऱ्या क्रिलवर ते बेट अवलंबून आहे. एखाद्या वर्षी पुरवठा घटला की तिथल्या पिल्लांना उपासमार होते.

उलट प्रकारही आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या जॉर्जेस बँक या उथळ भागाभोवती पाणी घड्याळाच्या दिशेनं फिरत राहतं आणि प्लवकांना बराच काळ तिथेच ठेवतं. तरीही तिथल्या कॅलॅनस फिनमार्किकस या कोपेपॉडची भर शेजारच्या खोल खोऱ्यांतून होते, कारण त्याला सुप्तावस्थेसाठी खोली लागते आणि ती बँकेवर नाही.

१२. अरबी समुद्रात मोसमी वारे उलटतात तेव्हा प्राणिप्लवकही पार बदलतात का?

प्रवाह उलटतात हे खरं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालियाजवळ ‘ग्रेट व्हर्ल’ नावाचा शेकडो किलोमीटरचा भोवरा दरवर्षी तयार होतो, किनाऱ्यालगत थंड पाणी वर येतं आणि खोलवर सुप्त असलेले कोपेपॉड त्याबरोबर वर येऊन झपाट्यानं वाढतात. वनस्पतिप्लवकांचं उत्पादन ऋतूंप्रमाणे खूप बदलतं.

तरीही मध्य आणि पूर्व भागात वरच्या थरातल्या प्राणिप्लवकांचं एकूण वजन वर्षभर फारसं बदलत नाही, असं एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. याला ‘अरबी समुद्राचा विरोधाभास’ म्हणतात. दोन मोसमांमधल्या मंद काळात जिवाणू आणि त्यांना खाणारे एकपेशीय जीव हे अन्न पुरवतात, असा त्यांचा खुलासा.

इथे खोलीची निवडही वेगळी होते. सुमारे १५० ते १००० मीटरच्या दरम्यान ऑक्सिजन अत्यल्प असतो, म्हणून बहुतेक जाती वरच्या पातळ थरातच दाटीनं राहतात. प्लुरोमॅमा इंडिका हा कोपेपॉड मात्र त्या थरात उतरतो.

१३. एकाच जागी दोनदा जाळं टाकलं तर आकडे इतके वेगळे का येतात?

कारण ती जागा एकच असली तरी पाणी तेच नसतं. शिवाय प्राणिप्लवक ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेले असतात, मीटरांपासून शेकडो किलोमीटरपर्यंत सगळ्या मापांचे ठिपके. त्यात दिवस-रात्रीचा फरक धरा (प्रश्न ५). जाळ्याच्या छिद्राचाही परिणाम होतो. नेहमीच्या २०० मायक्रोमीटरच्या जाळीतून लहान कोपेपॉड आणि अळ्या निसटतात, क्रिल जाळं चुकवून पळतो आणि जेलीसारखे प्राणी फाटून ओळखता येत नाहीत. भोवऱ्याचा अभ्यास करायचा तर गाभा, कड आणि बाहेरचं पाणी अशा तिन्ही ठिकाणी, दिवसा आणि रात्री, खोलीनुसार उघडझाप होणाऱ्या जाळ्यांनी नमुने घ्यावे लागतात. सोबत ध्वनिलहरींची आणि कॅमेऱ्याची उपकरणं असली तर जाळ्यांच्या मधलं चित्र भरून निघतं.

१४. प्राणिप्लवक उपग्रहातून थेट दिसतात का?

सहसा नाही. पण नॉर्वेजवळ कॅलॅनस फिनमार्किकसचे पृष्ठभागावर आलेले थवे इतके दाट असतात की त्यांच्या लाल रंगद्रव्यामुळे समुद्राचा रंग बदललेला उपग्रहाला टिपता आला आहे. दुसरं, कॅलिप्सो उपग्रहाच्या लेझरनं दिवसा आणि रात्री मिळणाऱ्या परावर्तनातल्या फरकावरून रोजच्या ये-जाचा जागतिक नकाशा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१५. भोवरे शोधले तर मासे सापडतील का?

प्राण्यांना तसा अनुभव आहे असं दिसतं. मोझांबिक सामुद्रधुनीत फ्रिगेट पक्षी भोवऱ्यांच्या कडांवर अन्न शोधतात. गल्फ स्ट्रीमच्या परिसरात मोठे पांढरे शार्क आणि निळे शार्क उष्ण गाभ्याच्या भोवऱ्यांत खोल बुड्या मारतात. कोमट पाणी खोलवर गेलेलं असल्यामुळे मधल्या थरातली शिकार त्यांना कमी थंडीत गाठता येते, असा एक अंदाज. पण केवळ पातळीच्या नकाशावरून जाळं कुठे टाकायचं हे ठरवू नका. प्लवक वाढायला आठवडे लागतात, मासे जमायला आणखी.

१६. आमच्या नमुन्यात उष्ण पाण्याची जात थंड भागात सापडली. हवामान बदलामुळे जात सरकली असं लिहावं का?

एका नमुन्यावरून लिहू नका. उष्ण भोवऱ्यानं पाहुणे आणून सोडले असण्याची शक्यता आधी तपासा. त्या आठवड्याचा समुद्रपातळीचा नकाशा पाहा. त्याच नमुन्याच्या जागी तापमान आणि क्षारता खोलीनुसार मोजली असेल तर पाणी कुठलं होतं ते कळेल. पाणीच परकं असेल तर जातीनं काही नवं केलेलं नाही. पाणी स्थानिक आणि जात परकी असेल, तर पुढचा प्रश्न असा की ती तिथे वाढते का. अंडी धारण केलेल्या माद्या आणि पिल्लांच्या सगळ्या अवस्था मिळतात का, की फक्त प्रौढ? फक्त प्रौढ मिळणं हे बहुधा वाहून आल्याचं लक्षण.

जाती खरोखर सरकतातही. ॲलिस्टर हार्डी यांच्या प्लवक गोळा करणाऱ्या यंत्रावर आधारलेली, १९३१ पासून व्यापारी जहाजांमागे ओढून घेतली जाणारी नमुन्यांची मालिका उत्तर अटलांटिकमध्ये चालू आहे. तिच्यावरून युरोपजवळ उष्ण पाण्याच्या कोपेपॉडांचे समूह १९६० ते १९९९ या काळात सुमारे १० अक्षांश उत्तरेला सरकल्याचं दिसलं. तो निष्कर्ष काढता आला, कारण मागे दशकांची सलग नोंद होती. तुमच्याकडे एकच फेरी असेल तर जात, खोली, वेळ, तापमान, क्षारता आणि त्या दिवशी जवळ असलेला भोवरा एवढं नोंदवून नमुना जपून ठेवा. पुढच्या कोणाला तरी तुलनेसाठी तो लागेल.